आवाज गेल्यावर चाहत्यांनी काय बोलावे

4 जून 2024 रोजी लोकसभेचा निकाल लागला आणि बीडमध्ये पंकजा मुंडे 6,553 मतांनी हरल्या. बजरंग सोनवणे निवडून आले. त्यानंतरच्या काही दिवसांत बीड आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातून पंकजाताईंच्या समर्थकांनी जीव दिल्याच्या बातम्या एकापाठोपाठ एक येत गेल्या. पंकजाताई त्या कुटुंबांना भेटल्या, त्यांच्या दारात रडल्या, आणि असे काही करू नका म्हणून त्यांनी सगळ्यांना जाहीर विनवणी केली. या बातम्या वाचून लोक दोन तऱ्हेने बोलले. काही म्हणाले, केवढी ही निष्ठा! काही म्हणाले, केवढा हा वेडेपणा! ऐकायला ही दोन टोके वाटतात, पण दोन्हींमुळे पुढे काही विचारायची गरज संपते. ‘पराभव सहन न झाल्याने’ एवढ्या एका कारणात माणूस आटोपला जातो. त्याला त्याआधी कित्येक दिवस झोप लागत होती का, तो कुणाशी बोलेनासा झाला होता का, घरच्यांच्या काही लक्षात आले होते का, कुणी त्याला डॉक्टरकडे नेले होते का, हे प्रश्न कुणी विचारले नाहीत. ते प्रश्न पराभवाइतके बातमीचे नसतात, हे खरे. पण जो माणूस त्याच अवस्थेत अजून जिवंत आहे, त्याच्या उपयोगाचे तेवढेच प्रश्न असतात.

नेत्याचा पराभव आणि गायकाचा मृत्यू यांत फरक आहे हे उघड आहे. तरी दोन्हीकडच्या दुःखाची जात एक आहे. ज्याच्याशी आपण कधी बसून बोललो नाही, ज्याला आपले नावही ठाऊक नाही, त्याला आपण ‘आपला’ म्हणतो. त्याचे बरे-वाईट मनाला लागते. हे खोटे असते, पोरकट असते असे मानणाऱ्यांनी बीडच्या माणसाला तरी तसे सांगू नये. शाहिराच्या एका आरोळीवर उभे राहणारे, कीर्तनकार गेले की गावाचे गाव चूल बंद ठेवणारे आपण लोक आहोत. दुरून लावलेला जीवही जीवच असतो, आणि तो तुटला की जखम होते. प्रश्न आहे तो त्या जखमेवर पहिल्या चार-आठ दिवसांत काय बांधले जाते याचा. माझे म्हणणे असे की लाडका कलावंत मनाच्या आजाराने गेला असेल, तर चाहत्यांनी त्या आजाराचे नाव घेतले पाहिजे. त्याला पराक्रम म्हणू नये, भ्याडपणा म्हणू नये, आणि कुणाचा तरी कट ठरवून मोकळे होऊ नये. गेलेल्याला आता शब्दांनी काही होत नाही. ते शब्द ऐकत असतो तो त्याच आजाराने खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला दुसरा माणूस, आणि ‘आपल्याबद्दल लोक असे बोलतात तर’ हे तो मनाशी नोंदवत असतो.

रॉक संगीताच्या जगात या गोष्टीचा पुरावा भरपूर आहे. 20 जुलै 2017 रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लिंकिन पार्क या बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन आत्महत्येने गेला. वय 41. ‘हायब्रिड थिअरी’ हा त्याच्या बँडचा 2000 सालचा पहिला अल्बम या शतकातल्या सर्वांत जास्त खपलेल्या अल्बमांपैकी एक. त्याचा आवाज गाता गाता किंचाळीपर्यंत चढायचा, आणि ती किंचाळी ऐकून जगभरच्या कितीतरी पोरांना वाटायचे की आपल्या आत जे कोंडले आहे ते हा बोलून दाखवतो आहे. लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार, पुढे लागलेली नशा, आणि पाठ न सोडणारे नैराश्य यांबद्दल तो मुलाखतींमधून स्वतः बोलला होता. त्याचा जवळचा मित्र, साउंडगार्डनचा गायक ख्रिस कॉर्नेल, दोनच महिने आधी 18 मे रोजी असाच गेला होता. त्याच्या अंत्यविधीत चेस्टर गायला होता. चेस्टर गेला ती तारीख कॉर्नेलच्या वाढदिवसाची होती. या योगायोगातून चाहत्यांना एक कथा सहज रचता आली असती, मित्रामागून मित्र गेल्याची, रंगवायला सोपी आणि ऐकायला गोड. काहींनी ती रचलीही. पण बँडने आणि घरच्यांनी दुसरी वाट धरली. बँडच्या संकेतस्थळावर मदतीच्या फोन क्रमांकांचे पान उघडले गेले. चार दिवसांनी आलेल्या बँडच्या निवेदनात त्याच्या मनातल्या जुन्या झगड्याचा मोकळा उल्लेख होता.

मग सप्टेंबर महिन्यात त्याच्या पत्नीने, टॅलिंडा बेनिंग्टनने, एक छोटी चित्रफीत लोकांसमोर ठेवली. ती चेस्टरच्या मृत्यूच्या जेमतेम छत्तीस तास आधीची होती. घरात खेळ चालला आहे. निरनिराळ्या, काही मुद्दाम घाणेरड्या चवींच्या गोळ्या खायच्या आणि कुणाच्या वाट्याला काय येते ते बघायचे. चेस्टर एक गोळी तोंडात टाकतो, तोंड वाकडे करतो आणि खदखदून हसतो. मुलेही हसतात. एवढीच चित्रफीत. आम्हाला नैराश्य असे दिसत होते, अशा अर्थाचे दोन शब्द तिने खाली लिहिले. मला हे कृत्य फार धैर्याचे वाटते. कारण नवरा गेल्यावर जगातली प्रत्येक बायको ज्या प्रश्नाला घाबरते, ‘तुला कळलं कसं नाही?’, त्याच प्रश्नाला तिने सगळ्यांदेखत उत्तर दिले. आपल्याकडे कुणी असे गेले की हमखास ऐकू येणारे वाक्य आहे: काल तर पारावर बसून हसत होता. या वाक्याचा पुढे दोनच दिशांनी प्रवास होतो. एक तर ‘म्हणजे काहीतरी वेगळेच झाले’ असा संशय, नाहीतर ‘घरात काहीतरी घडले असणार’ असा ठपका. तिसरी दिशा टॅलिंडाने दाखवली. हा आजार असलेला माणूस हसू शकतो, चेष्टा करू शकतो, लेकरांवर माया करू शकतो, आणि तरीही तो आजारी असतो.

नैराश्य म्हणजे दुःख नव्हे, एवढे तरी इथे सांगायला हवे. दुःखाला निमित्त असते आणि बहुतेक वेळा ते काळाने ओसरते. नैराश्याच्या आजारात दोन आठवडे, महिना, कधी कित्येक महिने मन उठतच नाही. झोप पहाटे मोडते किंवा माणूस दिवसभर झोपून राहतो. जेवणाची वासना जाते, आवडीचे काम नकोसे होते, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही ही भावना पक्की बसते, आणि कधी विचार करण्याची यंत्रणाच अशी आवळते की मरणाशिवाय दुसरा पर्याय डोळ्यांपुढे येत नाही. यामागे अनुवंश असतो, बालपणीचे आघात असतात, नशा असते, परिस्थितीचा मार असतो. बहुधा यातल्या अनेक गोष्टी एकत्र येतात. औषधे आणि समुपदेशन यांनी बहुतेक रुग्णांना आराम पडतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की देशातल्या साधारण दहापैकी एका प्रौढाला त्या वेळी कुठला ना कुठला मनोविकार होता, आणि नैराश्य-चिंता यांसारखे नेहमीचे विकार असलेल्यांपैकी शंभरातल्या पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. या पंच्याऐंशींपैकी बऱ्याच जणांना आपल्याला आजार आहे हेच माहीत नसते. मग ते त्यांना कळणार कधी? शाळेत हा विषय नाही, घरात नाही, दवाखान्यात गर्दी. गावागावांत एकाच वेळी सगळ्यांच्या तोंडी हा विषय येतो तो एखादा मोठा, लाडका माणूस जातो तेव्हाच. ती वेळ आपण कट आणि कौतुकात घालवतो.

चाहत्यांचा शोक नीट हाताळला तर काय होऊ शकते याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण सिअॅटल शहराचे आहे. निर्वाणा या बँडचा गायक कर्ट कोबेन 5 एप्रिल 1994 रोजी, वयाच्या 27 व्या वर्षी आत्महत्येने गेला. तीन दिवसांनी बातमी फुटली. 10 एप्रिलला शहरातल्या मोठ्या मैदानात हजारो पोरे जमली, बरीचशी शाळा-कॉलेजच्या वयाची. तज्ज्ञांना धास्ती होती की आता या शहरात रांग लागेल. त्या सभेत शहराच्या संकटकाळी मदत करणाऱ्या केंद्राच्या माणसाने व्यासपीठावरून बोलून फोन क्रमांक सांगितला. कर्टची पत्नी कोर्टनी लव्ह हिच्या आवाजातली ध्वनिफीत लावली गेली. त्याने मागे ठेवलेली चिठ्ठी ती वाचते, पण वाचता वाचता मध्येच थांबते, त्या वाक्यांशी भांडते, रडते, त्याच्यावर चिडते. ऐकणाऱ्यांसमोर मृत्यूची आरास उरली नाही. उरली ती मागे राहिलेल्या बाईची फरफट. स्थानिक वर्तमानपत्रांनीही त्याचे गाणे मोठे म्हटले आणि मृत्यू व्यर्थ म्हटला, दोन्ही वेगळे ठेवले. पुढे संशोधकांनी त्या परगण्याच्या नोंदी तपासल्या. आत्महत्यांत ठळक वाढ झालेली नव्हती. मदतीच्या केंद्राकडे येणारे फोन मात्र चांगलेच वाढले होते. म्हणजे पोरे हादरली होती, पण हादरून त्यांनी फोन उचलला. हे यश पूर्ण नव्हते. त्या सभेहून घरी परतलेला एक तरुण त्याच रात्री गेला. त्याला झाकून ठेवून सिअॅटलचे कौतुक करणे मला योग्य वाटत नाही.

इथे कुणी म्हणेल, हा विषय उकरायचाच कशाला? बोलल्याने आणखी चार जणांच्या डोक्यात तो भरतो. ही शंका पोकळ नाही. 1974 मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी दाखवून दिले की पहिल्या पानावर गाजावाजा झालेल्या आत्महत्येनंतर आत्महत्यांचे आकडे वर जातात. ऑगस्ट 2014 मध्ये विनोदी नट रॉबिन विल्यम्स गेला, त्यानंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेत अपेक्षेपेक्षा 1,841 आत्महत्या जास्त झाल्या, जवळजवळ दहा टक्के. तेव्हा वर्तमानपत्रे आणि वाहिन्या मृत्यू कसा घडला याचे बारीकसारीक तपशील देत होत्या. पण पुरावा इथे संपत नाही. लॉजिक नावाच्या अमेरिकी रॅप गायकाने 2017 मध्ये एक गाणे काढले, ज्याचे शीर्षकच मदतीच्या दूरध्वनीचा क्रमांक होते. त्यातला माणूस मरणाच्या काठावरून फोन करतो आणि शेवटी जगायचे ठरवतो. ते गाणे ज्या काळात सर्वांत जास्त गाजत होते त्या एकूण 34 दिवसांचा अभ्यास झाला. त्या क्रमांकावर 9,915 फोन जास्त आले आणि आत्महत्या अपेक्षेपेक्षा 245 ने कमी झाल्या. पहिल्या उदाहरणात मरणाची तऱ्हा सांगितली गेली, दुसऱ्यात वाचण्याची. म्हणून गप्प बसा हा सल्ला मला मान्य नाही. गप्प बसूनही लोक बोलतातच, फक्त कुजबुजत आणि चुकीचे. कसा मेला हे सांगू नये, काय आजार होता आणि मदत कुठे मिळते हे सांगावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. आपल्या प्रेस कौन्सिलनेही 2019 मध्ये जवळपास तेच नियम मराठी-हिंदी-इंग्रजी सगळ्या वर्तमानपत्रांसाठी जाहीर केले.

त्या नियमांचे काय झाले ते नऊच महिन्यांनी सगळ्या देशाने पाहिले. 14 जून 2020 रोजी मुंबईत वांद्र्याच्या घरी नट सुशांत सिंह राजपूत मृतावस्थेत सापडला. तो मानसोपचार घेत होता हे पोलिसांनी सांगितले होते. टाळेबंदीत घरी बसलेल्या लाखो चाहत्यांचे दुःख खरे होते, पण ते आठवडाभरात खटल्यात बदलले. घराणेशाहीने मारले, मैत्रिणीने मारले, कुणी बड्या माणसाने मारले, असे एकेक आरोपी उभे राहिले. मैत्रिणीला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक होऊन ती जवळपास महिनाभर तुरुंगात होती. ऑक्टोबर 2020 मध्ये एम्सच्या डॉक्टरांच्या पथकाने खुनाची शक्यता नाकारली आणि मार्च 2025 मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. या सगळ्या काळात मनाच्या आजाराचा उच्चार झाला तो बहुतेक वेळा ‘त्याला वेडा ठरवण्याचा डाव’ अशा शब्दांत. मानसोपचार घेणे हा मृताच्या चारित्र्यावरचा डाग आहे, आणि खरा चाहता तो डाग पुसून काढतो, असा धडा त्या काही महिन्यांत घरोघरी पोचला. गोळ्या चालू असलेल्या किती माणसांनी त्या दिवसांत आपली पाकिटे कपाटात मागे सरकवली असतील, याचा हिशेब कुठल्या तपासयंत्रणेने ठेवलेला नाही.

शोकाला आरोपी लागतो, हे बीडला वेगळे सांगायला नको. 3 जून 2014 रोजी दिल्लीत मोटार अपघातात गोपीनाथ मुंडे गेले, केंद्रात मंत्री होऊन पुरते दहा दिवसही झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी परळीत अंत्यसंस्काराला लोटलेल्या गर्दीचा मोठा भाग हा अपघात आहे हे मानायलाच तयार नव्हता. चौकशीच्या घोषणा झाल्या, दगड पडले, आणि वडिलांना अग्नी द्यायला उभ्या असलेल्या लेकीला, पंकजाताईंना, ध्वनिक्षेपकावरून लोकांना शांत राहा म्हणून सांगावे लागले. चौकशी सीबीआयकडे गेली आणि तो अपघातच होता असा निष्कर्ष निघाला. अपघातात निदान समोरची गाडी तरी असते. मनाच्या आजारात बोट दाखवायला काहीच नसते, म्हणून तिथे आरोपी शोधण्याची घाई आणखी वाढते. चाहत्यांना मी यासाठी दोष देत नाही. ज्याने आपल्याला उभे राहायला बळ दिले तोच आतून कोसळत होता, हे पचवणे अवघड असते. त्यापेक्षा त्याला कुणी पाडले हे मानणे सोपे. पण सोप्या मार्गाची किंमत जे देतात ते चाहत्यांच्याच गर्दीत असतात.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. सगळ्याला आजार म्हटले की अन्याय सुटून जातो, असे अनेक विचारी लोक म्हणतात, आणि त्यांच्या हातात विलास घोगरे यांचे उदाहरण आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसे मेली. चार दिवसांनी, 15 जुलैला, मुलुंडच्या झोपडीत राहणारे शाहीर विलास घोगरे आत्महत्येने गेले. आनंद पटवर्धनांच्या 1985 सालच्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात ते गायले होते. त्यांच्या मृत्यूपासून सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पटवर्धनांनी चौदा वर्षे चित्रित करून 2011 मध्ये पूर्ण केला. घोगऱ्यांच्या मरणाला कुठल्या डॉक्टरने आजाराचे नाव दिलेले नाही, आणि मीही ते देणार नाही. त्यांच्यापुरता हा आक्षेप बरोबर आहे. गोळीबाराचा प्रश्न गोळीबार करणाऱ्यालाच विचारला पाहिजे. पण त्यातून ‘आजाराचा विषयच काढू नका’ असे निघत नाही. डबकी बुजवा म्हणून ग्रामपंचायतीवर मोर्चा नेणारा माणूस हिवतापाच्या रोग्याला गोळी देऊ नका असे कधी म्हणत नाही. अन्यायाने मन मोडते, मोडलेल्या मनाला उपचार लागतो, आणि उपचाराने सावरलेला माणूस अन्यायाविरुद्ध पुन्हा गाऊ शकतो. शाहीर गेला तर चळवळीचाही आवाज जातो, हे चळवळीतल्या माणसांइतके कुणाला कळणार?

या आक्षेपाची दुसरी बाजू बीडच्या तहसील कार्यालयात रोज दिसते. शेतकरी आत्महत्यांच्या बाबतीत मराठवाड्यात बीडचे नाव वर्षानुवर्षे वरच्या जागी आहे. मृत शेतकऱ्याच्या घरी शासनाची एक लाख रुपयांची मदत येते, पण त्यासाठी जिल्हा समितीने प्रकरण ‘पात्र’ ठरवावे लागते. पात्र ठरायला नापिकी हवी, कर्ज हवे, कर्जाचा तगादा हवा. कागदावर ‘आजार’, ‘दारू’, ‘घरगुती कारण’ असे काही आले की प्रकरण ‘अपात्र’ होण्याची भीती. ज्या घरात चार महिने माणूस जेवत नव्हता, झोपत नव्हता, एकटाच बांधावर जाऊन बसत होता, त्या घरातल्या विधवेने हे तलाठ्याला कशाला सांगावे? ते तिचे लाख रुपये घालवेल. कर्ज खरे असते, नापिकी खरी असते, त्यात शंका नाही. पण त्याच गावात तितक्याच कर्जात असलेली दहा माणसे जगतात आणि अकरावा जात असेल, तर त्या अकराव्याच्या मनात वेगळे काय झाले होते हे शोधल्याशिवाय बारावा कसा वाचवणार? मदतीचा नियम बदलावा, आजाराची नोंद झाली म्हणून कुटुंबाची मदत तोडू नये, अशी मागणी शेतकरी संघटनांनी लावून धरायला हवी. कर्जमाफीच्या मागणीशी तिचे काही वैर नाही.

याच ठिकाणी कुणी विचारेल की अशा जिल्ह्यात अमेरिकेतल्या श्रीमंत गायकांची चर्चा हवी कशाला? हवी, कारण चेस्टरकडे सगळे होते. पैसा, नाव, लेकरे, डॉक्टर, जगभर जीव लावणारी माणसे. त्याच्यावर कर्ज नव्हते की त्याचे पीक बुडालेले नव्हते. तरीही तो वाचला नाही. ‘तुला काय कमी आहे?’ हा आपण आजारी माणसाला विचारतो तो सर्वांत निष्ठुर प्रश्न चेस्टर बेनिंग्टनच्या उदाहरणापुढे टिकत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराचा मेंदू आणि रॉक गायकाचा मेंदू या आजाराच्या बाबतीत सारखेच हाडामांसाचे आहेत. फरक पडतो तो उपचार किती हाताशी आहे यात, आणि तिथे बीडची बाजू लंगडी आहे. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत, मराठवाड्यात एकही नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि बीडला जिल्हा रुग्णालय आहे, पण आष्टी-पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातल्या माणसाला एसटीचे भाडे, बुडालेली रोजी आणि ‘वेड्याच्या डॉक्टरकडे गेला’ हा गावातला बोभाटा, असे तिन्ही मिळून ते अंतर बरेच वाढते. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चालू आहे. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येते. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पोलीस केस होईल या भीतीने अजूनही कितीतरी घरे असा प्रयत्न दडपून टाकतात, आणि पुढच्या प्रयत्नाची वाट मोकळी राहते.

शोक करायचा कसा, याची आपल्याकडे पक्की पद्धत आहे. चौकात फ्लेक्स लागतो, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली पंधरा फोटो. मोबाईलवर गाण्याचे स्टेटस लागते. शाळेच्या मैदानात सभा भरते आणि एकेक वक्ता माईक हातात घेतो. यातले काही बंद करा असे मी म्हणत नाही. माणसे एकत्र येतात, रडतात, गातात, हे एकट्याने मोबाईल उशाशी घेऊन पडण्यापेक्षा शंभरपट बरे. सिअॅटलच्या मैदानात तेच झाले. फक्त फ्लेक्सच्या कोपऱ्यात पंधरा फोटोंऐवजी चौदाच असले आणि पंधराव्याच्या जागी 14416 हा आकडा आला तर श्रद्धांजली कमी भावपूर्ण होणार नाही. ‘देवाला चांगली माणसे लवकर लागतात’, ‘सुटला बिचारा’, ‘आमच्यासाठी जीव दिला’ ही तीन वाक्ये मात्र आत्महत्येने गेलेल्या माणसाच्या सभेत कुणीही उच्चारू नयेत. मरणाने सुटका होते, मरणाने मान मिळतो, असे ती सांगतात, आणि समोर बसलेल्या दोनशे माणसांत ते खरे मानायला टेकलेला एखादा असू शकतो. त्याऐवजी वक्त्याने म्हणावे की याला आजार होता, त्यावर औषध आहे, ते याच्यापर्यंत पोचले नाही किंवा पुरे पडले नाही, आणि तुमच्यापैकी कुणाला असे होत असेल तर आज रात्रीच कुणाला तरी सांगा. हे बोलण्याआधी घरच्यांना विचारावे. त्यांची तयारी नसेल तर मृताचे नाव न घेता फक्त शेवटचे वाक्य बोलावे. गावातले सप्ताह, जयंत्या आणि गणेश मंडळे चालवणाऱ्या पोरांनी हे शब्द आधीच ठरवून ठेवायला हवेत. ज्या दिवशी लागतात त्या दिवशी माईक हातात आल्यावर ते सुचत नाहीत.